तिंघीर ते मरझूगा: २०० किलोमीटर

मोरोक्कोतला आजचा टप्पा, सहाराच्या वाळूकाठच्या मरझूगा गावापर्यंतचा, नकाशावर तीन तासांचा दिसतो. मुलं बरोबर असतील तर सहा धरा.

जोर्फजवळ रस्त्याकडेला वारुळांसारखे मातीचे ढिगारे रांगेने दिसतात. तिथे गाडी थांबवाच. ही खेत्तारा! जमिनीखालून हलक्या उताराने भूजल ओअॅसिसपर्यंत आणणारे हे बोगदे, आणि प्रत्येक ढिगारा म्हणजे खोदाई-सफाईसाठीच्या विहिरीचं तोंड. कडा ठिसूळ असते, मुलांचा हात सोडू नका.

रिसानीचा बाजार मंगळवार, गुरुवार आणि रविवारी भरतो. मेदफूना, म्हणजे सारण भरलेली जाड भाकरी, भट्टीत भाजून मिळते. सारण बहुधा मांसाचं, त्यामुळे शाकाहारी असाल तर आधीच सांगा. ताजीनमध्येही (मातीच्या भांड्यात मंद आचेवर शिजवलेलं कालवण) नुसतं "भाजी" म्हणून भागत नाही, "मांसाशिवाय" असं स्पष्ट म्हणा.

पुढे वारा सुटला की डांबरावर वाळू येते, वेग कमी करा. साधी गाडी वाळूत घालू नका. रुतलीच तर अॅक्सिलरेटर दाबू नका, चाक आणखी खाली जातं. चाकापुढची वाळू हाताने काढा, टायरची हवा १८-२० पीएसआयवर आणा, पायपुसणी चाकाखाली सरकवा आणि हळूच बाहेर काढा. डांबरावर आल्यावर हवा लगेच भरायची.

गेस्टहाऊसला रोख दिरहम ठेवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री हाडं गोठतात, म्हणून खोलीत हीटर आहे का ते बुकिंगआधीच विचारा. आणि यजमानांना "अझूल" म्हणा, त्यांच्या अमाझिग (बर्बर) भाषेतला नमस्कार. चेहरा खुलतो हो!