दोन ओळींचा क्रम आणि तीन फेऱ्या

लिनक्सच्या गाभ्यातल्या (कर्नलमधल्या) केव्हीएम या आभासी यंत्रे चालवणाऱ्या भागासाठी, आभासी यंत्राला नवे उपकरण जोडणारी सहा पॅचची (कोडमध्ये सुचवलेल्या बदलांची) मालिका तपासण्यासाठी माझ्याकडे आली, तेव्हा दोन दिवसांत काम आटोपेल असे मी सांगून बसलो होतो. पाच पॅच खरोखरच तेवढ्या वेळात वाचून झाले. सहाव्याने मात्र महिना खाल्ला, आणि तोही केवळ दोन ओळींच्या क्रमापायी.

उपकरण तयार करणारे त्यातले फंक्शन आधी वापरकर्त्यासाठी फाइल डिस्क्रिप्टर (उपकरण वापरण्यासाठी प्रोग्रॅमला मिळणारा क्रमांक) उघडत होते आणि मग आभासी यंत्राचा रेफरन्स काउंट, म्हणजे ते यंत्र किती ठिकाणी वापरात आहे याची मोजणी, वाढवत होते. हा क्रम उलटा हवा, असे मी कळवले. अकरा दिवसांनी पॅचच्या लेखकाचे उत्तर आले की, आयओसीटीएल (उपकरण तयार करण्यासाठी प्रोग्रॅमने कर्नलला केलेली विनंती) परत येईपर्यंत डिस्क्रिप्टरचा क्रमांक कोणालाच ठाऊक नसतो आणि चाचण्याही सगळ्या उत्तीर्ण आहेत. मी चिडलो, हे कबूल करतो. लिनक्स नेहमी सर्वांत लहान मोकळा क्रमांक देते, त्यामुळे तो ठाऊक असावा लागतच नाही, नुसत्या अंदाजाने सापडतो. त्याच प्रोसेसमधल्या दुसऱ्या थ्रेडने (समांतर चालणाऱ्या कामाने) तेवढ्यात तो डिस्क्रिप्टर बंद केला, तर बंद होताना चालणारे रिलीज फंक्शन कधी घेतलाच नव्हता असा रेफरन्स सोडून देते, काउंट शून्यावर येतो, यंत्राची मेमरी मोकळी होते आणि पहिला थ्रेड त्या मोकळ्या झालेल्या मेमरीतला काउंट वाढवू पाहतो. केव्हीएमच्या मूळ कोडमध्येच ही चूक होती. सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१९-६९७४ या क्रमांकाने तिची नोंद झाली आणि रेफरन्स घेणारी ओळ डिस्क्रिप्टरच्या आधी नेऊन ती सुधारण्यात आली. हा दाखला मी पहिल्याच टिपणात द्यायला हवा होता.

दाखल्यानेही समाधान होईना, म्हणून मी त्या दोन ओळींच्या मध्ये मुद्दाम विलंब घातला, केएसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारे कर्नलमधले साधन) चालू करून कर्नल बांधला आणि दोन थ्रेडचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पुढचा क्रमांक हेरण्यासाठी त्यात एक फाइल उघडून लगेच बंद करणे पुरले. पहिल्याच वेळी केएसॅनने मोकळ्या मेमरीच्या वापराचा अहवाल छापला. त्या दिवशी मला झालेला आनंद थोडा अशोभनीय होता.

दुसऱ्या आवृत्तीत क्रम सुधारला होता, पण डिस्क्रिप्टर उघडणे फसले तर आधी घेतलेला रेफरन्स परत करायचा राहिला होता. तसे झाले, तर यंत्र बंद करूनही त्याची मेमरी कधीच सुटत नाही. म्हणूनच असे फंक्शन वाचताना मी आता तळापासून, एखादी पायरी फसल्यावर चालणाऱ्या कोडपासून सुरुवात करतो. अशा जागी केव्हीएममध्ये रेफरन्स सोडण्याचे जे वेगळे फंक्शन वापरतात, ते यंत्र नष्ट करत नाही, कारण आयओसीटीएल करणाऱ्याकडे स्वतःचा रेफरन्स असतोच. काउंट तरीही शून्यावर गेला, तर ते इशारा देते. लेखकाला मी तेच सुचवले.

सांगायचे राहिलेच, उपकरणाचा प्रकार उपलब्ध आहे का एवढेच विचारणारा टेस्ट फ्लॅगही तपासून पाहावा. त्याने काहीही तयार होता कामा नये. मला तो तिसऱ्या फेरीत आठवला, सुदैवाने तिथे चूक नव्हती.

तिसऱ्या आवृत्तीला मी रिव्ह्यूड-बाय (तपासून मान्य केल्याची नोंद) दिले. तोवर मुख्य शाखा पुढे सरकली होती, मालिका रिबेस करावी (नव्या कोडवर पुन्हा बसवावी) लागली आणि ते पहिले पाच पॅच मी पुन्हा वाचले.