माळ्यावरचे खिळे

रविवार, रात्री साडेदहा

वॉल्ट विलिस यांचे जुने लेख वाचण्यात आजचाही दिवस गेला. ज्यांचा लौकिक एकाही विज्ञानकथेवर उभा नाही आणि तरीही विज्ञानकथेच्या वाचकांनी ज्यांना डोक्यावर घेतले, असे हे बेलफास्टचे गृहस्थ. जन्म १९१९चा, मृत्यू १९९९चा. पोटापाण्यासाठी उत्तर आयर्लंडच्या सरकारी सेवेत नोकरी आणि उरलेला वेळ अप्पर न्यूटाउनार्ड्स रोडवरच्या १७० क्रमांकाच्या घरात, माळ्यावरच्या खोलीत. रसिकांनी स्वतःच्या खर्चाने काढून एकमेकांना पाठवायच्या नियतकालिकांना ‘फॅनझिन’ म्हणतात, हे मला ठाऊक होते. पण त्या उद्योगात किती घाम गाळावा लागतो, हे विलिस यांच्यामुळे कळले.

त्यांचे पहिले फॅनझिन ‘स्लँट’ १९४८मध्ये निघाले, तेही सायक्लोस्टाइलवर, म्हणजे मेणकागदाच्या स्टेन्सिलमधून शाई उमटवून प्रती काढणाऱ्या यंत्रावर नव्हे, तर हाताने चालवायच्या छोट्या मुद्रणयंत्रावर. एकेक खिळा, म्हणजे अक्षराचा धातूचा ठसा, उचलून ओळ जुळवायची, पान बांधायचे, छापायचे, खिळे सोडवून पुन्हा आपापल्या घरात टाकायचे आणि पुढच्या पानाला लागायचे. जेम्स व्हाइट हे मित्र लिनोलियम कोरून चित्रांचे ठसे तयार करीत. विलिस यांच्या गद्यात फाजील शब्द सापडत नाही, याचे मूळ मला या खिळ्यांतच दिसते. प्रत्येक अक्षर बोटांनी उचलावे लागले, की ‘वस्तुतः’, ‘खरे पाहता’ असली भरताड माणूस आपोआप गाळतो. (हे लिहिताना मी स्वतः तीन विशेषणे खोडली.)

व्हाइट तेव्हा शिंप्याच्या दुकानात काम करीत. मंडळीत बॉब शॉही होते. पुढे व्हाइट यांनी अंतराळातल्या रुग्णालयाच्या कथा लिहिल्या, तर शॉ यांनी प्रकाशाला वर्षानुवर्षे अडवून धरणाऱ्या काचेची कल्पना १९६६मध्ये कथेत आणली. दोघेही नामवंत लेखक झाले. विलिस प्रोटेस्टंट आणि व्हाइट कॅथलिक, ही बाब अन्यत्र नोंदवण्याजोगी ठरली नसती, पण या दोन पंथांच्या वैराने दुभंगलेल्या बेलफास्टमध्ये ती ठरते. माळ्यावर मात्र जुळवलेल्या ओळी तपासण्याचे काम चाले आणि ते संपले, की पुठ्ठ्याचे तुकडे हाती घेऊन टेबलावरून एका केविलवाण्या फुलाला बडवण्याचा, बॅडमिंटनशी दूरचे नाते सांगणारा खेळ रंगे.

१९५२पासून ‘हायफन’ सुरू झाले. चक हॅरिस यांच्यासह संपादित केलेला हा अंक सायक्लोस्टाइलवर निघे आणि मलपृष्ठावर मित्रांच्या पत्रांतून व गप्पांतून वेचलेली वाक्ये, मागचापुढचा संदर्भ न देता, छापलेली असत. मला ‘स्लँट’पेक्षा ‘हायफन’ अधिक आवडते. पहिल्यात कारागिरीचा अभिमान दिसतो, दुसऱ्यात माणसे बोलताना ऐकू येतात.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या रसिकांनी वर्गणी काढून विलिस यांना शिकागोच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाला बोलावून घेतले. पुढाकार फ्लोरिडातल्या शेल्बी व्हिक यांचा. केवळ पत्रांतून आणि अंकांतून ओळखीच्या झालेल्या माणसासाठी लोकांनी समुद्रापलीकडच्या प्रवासाचा खर्च उचलला, यावर मी बराच वेळ थांबलो. दोन्ही किनाऱ्यांच्या रसिकांना आळीपाळीने पाठवणारा कायमचा निधी पुढच्याच वर्षी उभा राहिला, त्यामागे हाच अनुभव होता. १९५८मध्ये विलिस यांना विज्ञानकथेच्या क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तोही लेखक म्हणून नव्हे, रसिक म्हणून. १९६२मध्ये ते पुन्हा अमेरिकेला गेले तेव्हा पत्नी मॅडेलीन सोबत होत्या. माळ्यावरच्या त्या गोतावळ्याचा चहा-फराळ कोण बघत असेल, हा प्रश्न मला मधूनमधून छळत होता, त्यामुळे हे वाचून बरे वाटले.

आज पुन्हा वाचले ते शॉ यांच्यासह त्यांनी १९५४मध्ये लिहिलेले ‘द एन्चांटेड डुप्लिकेटर’, म्हणजे प्रती काढणाऱ्या मंतरलेल्या यंत्राची गोष्ट. जोफन नावाचा तरुण निर्दोष फॅनझिन काढण्यासाठी मंतरलेल्या यंत्राच्या शोधात निघतो. साचा जॉन बन्यनने लिहिलेल्या, स्वर्गाकडे निघालेल्या यात्रेकरूच्या ज्या रूपककथेचा आहे, तिचा मराठी अवतार ‘यात्रिक क्रमण’ हरि केशवजींनी १८४१मध्ये आणला होता. मात्र इथल्या यात्रेकरूला स्वर्ग नको, नीट उमटलेले पान हवे आहे. शेवटी त्याला सापडते ते गंजके, मोडकळीला आलेले यंत्र. खऱ्या रसिकाने त्याच्या दांड्याला हात लावल्यावरच त्यातली जादू जागी होते.

शाळेत असताना आमच्या वार्षिकाच्या स्टेन्सिलवर माझ्या हातून रेघ फाटली होती आणि सगळ्या प्रतींत कवितेच्या दुसऱ्या कडव्यावर शाईचा ओघळ आला होता. मास्तरांनी तशाच प्रती वाटायला लावल्या. आजपर्यंत मी दोष त्या यंत्राला देत आलो होतो.