डोहाळजेवणाच्या कितीतरी आधी

आपल्याकडे गर्भारपणाचे कौतुक खऱ्या अर्थाने रंगते ते सातव्या महिन्यात. हिरवी साडी, फुलांची वाडी, झाकलेल्या वाट्यांतून पेढा की बर्फी हे ओळखण्याची गंमत, हे सारे हवेच. गर्भाच्या बाजूने पाहिले तर मात्र शरीराची मूळ घडण त्याच्या चार महिने आधीच उरकलेली असते, आणि तिच्यातला सर्वांत नाजूक टप्पा तर आईला दिवस गेल्याची नीट खात्री होण्यापूर्वीच येऊन जातो.

डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे मोजतात. प्रत्यक्ष फलन होते ते त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी. म्हणून पाळी चुकते तेव्हा गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा असतो. तोवर बीजवाहिनीत फलित झालेली पेशी विभागत विभागत गर्भाशयात उतरलेली असते आणि त्याच्या अस्तरात रुजलेली असते. तिसऱ्या आठवड्यात पेशींचे तीन थर तयार होतात. त्यांपैकी वरच्या थराचा मधला पट्टा दोन्ही कडांनी उचलला जातो आणि त्या कडा जुळून एक नळी बनते. हीच न्यूरल ट्यूब. पुढे तिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. फलनानंतर साधारण २८व्या दिवसापर्यंत तिची दोन्ही टोके मिटावी लागतात. खालचे टोक उघडे राहिले तर पाठीच्या कण्यात कायमचा दोष राहतो, वरचे राहिले तर मेंदू आणि कवटीची वाढच अपुरी राहते.

फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधीपासून घ्यायला सांगतात ते यासाठीच. असा दोष असलेले मूल आधी झालेल्या स्त्रियांवर ब्रिटनच्या पुढाकाराने सात देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले आणि त्या गोळीने पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी टळल्याचे दिसले. दोन महिने उलटल्यावर नाव नोंदवायला गेलेल्या स्त्रीला तीच गोळी मिळते, पण तोवर नळी मिटायची ती मिटून गेलेली असते. लग्नाच्या याद्यांमध्ये या स्वस्त गोळीला जागा मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

फलनानंतरच्या आठव्या आठवड्याच्या अखेरीस गर्भ जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचा असतो, पण हृदय केव्हाच धडधडू लागलेले असते. हाताचा पंजा आधी वल्ह्यासारखा सपाट असतो आणि मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरत गेल्यामुळे बोटे सुटी होतात. घडण्यासाठी मरणेही लागते, याचे मला आजही नवल वाटते. त्यापुढचे महिने मुख्यतः वाढीचे आणि अवयव कामाला लागण्याचे असतात. पहिलटकरणीला पाचव्या महिन्याच्या सुमारास हालचाल जाणवते.

फुप्फुसे मात्र शेवटपर्यंत मागे असतात. श्वास सोडताना वायुकोश मिटून चिकटू नयेत म्हणून लागणारा सर्फॅक्टंट हा पदार्थ, डॉक्टरांच्या मोजणीने, सुमारे २४व्या आठवड्यापासून बनू लागतो आणि पुरेसा व्हायला ३५वा आठवडा उजाडतो. सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, ही जुनी समजूत त्यामुळेच टिकत नाही, कारण पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा फुप्फुसांच्या पथ्यावरच पडतो. प्रसूती वेळेआधी होणार असे दिसल्यास आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊन ही तयारी लवकर करून घेता येते. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली हा उपाय मांडला आणि आज तो आपल्याकडच्या प्रसूतिगृहांतही वापरला जातो.