दादर ते नाशिक : पुस्तकांची खोकी घेऊन लेखकभेटींचा दौरा

या वाटेवर जसजसे पुढे जावे तसतशी वाचनालये जुनी होत जातात. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि नाशिकचे ‘सावाना’, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४० चे. लेखकाने एकदा तरी सलग करावा असा हा दौरा. पावसाळ्यात गाडीने केला, तर खोळंबा रस्त्यापेक्षा सामानामुळेच जास्त होतो. म्हणून आधी खोक्यांबद्दल.

डेमी (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) आकाराचे दोनशे पानी पुस्तक साधारण पाव किलोचे. चाळीस प्रतींचे खोके दहा किलोंच्या आसपास जाते. त्याहून जड करू नये, जुन्या वाचनालयांचे जिने चढताना तळ सुटतो. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी डिकीच्या तळाशी असते, हे खोकी रचताना लक्षात राहत नाही. शहापूरच्या अलीकडे टायर बसला, की भर पावसात सगळी पुस्तके उतरवावी लागतात. जॅक आणि पाना मागच्या सीटखाली ठेवा, एक ताडपत्री सगळ्यात वर, आणि निम्मी खोकी मागच्या सीटच्या पायाशी. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी हवेचा वेगळा आकडा असतो. तेवढी हवा टायर थंड असतानाच भरावी.

दमटपणा हा खरा शत्रू. मुखपृष्ठाचा कागद आतल्या बाजूने ओलावा शोषून पसरतो, वरची लॅमिनेशनची फिल्म पसरत नाही, त्यामुळे कव्हर बाहेर वळते आणि टेबलावरच्या प्रती तोंड उघडून बसतात. दहा-दहा प्रती प्लास्टिकमध्ये बांधाव्यात, आडव्या ठेवाव्यात आणि लागतील तेवढेच गठ्ठे फोडावेत. वळलेल्या प्रती वजनाखाली रात्रभर ठेवल्या की बऱ्याच सरळ होतात.

सत्कारात मिळालेले श्रीफळ गाडीत सुटे टाकू नका. उतारावर ते घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली जाऊ शकते. थेट पिशवीत, पिशवी डिकीत. पुष्पगुच्छातले पाणी आधी ओतून टाकावे, नाहीतर ते खोक्यात झिरपते.

सभागृहातल्या अडचणी ठरलेल्या. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए जोडणी असते आणि लॅपटॉपला एचडीएमआय किंवा टाइप-सी, म्हणून दोन्ही कन्व्हर्टर जवळ हवेत. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांत उमटतो, कारण तो फाँट तिथे नसतो. सादरीकरण पीडीएफ करूनच न्यावे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या शाखा शहरभर आहेत, तेव्हा संयोजकांकडून शाखेचे नाव आणि नकाशावरची खूण दोन्ही मागवा. दीपप्रज्वलन, परिचय, सत्कार यांत अर्धा तास सहज जातो. सभागृह किती वाजता बंद होते ते विचारून व्याख्यान त्या हिशेबाने बेतावे.

विक्रीची सवलत सुटसुटीत रकमेत बसवा. अडीचशेच्या पुस्तकावर वीस टक्के सूट दिली की बरोबर दोनशे होतात, सुट्ट्यांचा प्रश्नच मिटतो. जाड भिंतींच्या दालनांत नेटवर्क जाते, म्हणून क्यूआर कोडचे टेबल दाराजवळ मांडावे.

रस्ता : कल्याणहून दुर्गाडी पूल, कोन, रांजणोली असे मुंबई-नाशिक महामार्गाला लागावे. रांजणोलीला अवजड वाहनांची रांग असते, तेव्हा सकाळी लवकर निघणे हाच उपाय. तिथून जुना महामार्ग आणि कसारा घाट, किंवा भिवंडीजवळच्या आमणेहून समृद्धी महामार्ग. आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. पावसाळ्यात कसाऱ्याला दाट धुके उतरते, तेव्हा समृद्धीच बरा. मात्र फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे, समृद्धीवर चालत नाही. खात्यात वेगळी शिल्लक ठेवावी. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर फास्टॅग चालला नाही, तर यूपीआयने सव्वापट टोल पडतो. पेट्रोल आणि चहा दोन्ही आमणेच्या आधीच उरकून घ्यावेत.

नाशकात ‘सावाना’ टिळक पथावर, बाजाराच्या गर्दीत आहे. गाडी दारापर्यंत नेऊन आधी खोकी उतरवावीत, एकाने तिथेच थांबावे आणि मगच दुसऱ्याने पार्किंग शोधायला निघावे.