व्हिडिओ डोअरबेल घेताना कॅमेऱ्याआधी काय बघितलं

व्हिडिओ डोअरबेल घ्यायची म्हटलं की जो तो कॅमेऱ्याबद्दल बोलतो. टू-के आहे का, फोर-के आहे का, अंधारात रंगीत दिसतं का. मला विचाराल तर हे प्रश्न शेवटचे. दाराबाहेर वाय-फाय पोचतं का आणि बेलला वीज कुठून द्यायची, ही दोन उत्तरं आधी हातात हवीत.

वाय-फायचं उत्तर फुकटात मिळतं. मोबाइल घेऊन बाहेर उभी राहिले, दार आणि सेफ्टी डोअर दोन्ही लावून घेतलं, तर रेंज लगेच खाली आली. लोखंडी दार सिग्नल अडवतं. त्यात आमचा राउटर घराच्या पार दुसऱ्या टोकाला. बहुतेक डोअरबेल वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ बँडवर चालतात, कारण तो सिग्नल भिंतींतून 5 गिगाहर्ट्झपेक्षा बरा जातो. शिवाय इथे कामाचा असतो तो अपलोडचा वेग, कारण व्हिडिओ घरातून बाहेर जायचा असतो. आपण फुशारकी मारतो ती डाउनलोडची! राउटर पॅसेजमध्ये आणला आणि 2.4 ला वेगळं नाव दिलं. दोन्ही बँड एकाच नावाने असले की जोडणी करताना ॲप अडून बसू शकतं.

विजेचा मामला जास्त नाजूक. बॅटरीवाली बेल बसवायला सोपी, पण चार्ज वाचवायला ती एरवी झोपलेली असते. समोर हालचाल झाली की जागी होते आणि मग रेकॉर्डिंग सुरू करते. तेवढ्यात पार्सल ठेवणारा वळलेलाही असतो, म्हणजे आपल्याला दिसणार त्याची पाठ. म्हणून मी वायरची बेल घेतली. अशा बऱ्याच बेलना 16 ते 24 व्होल्टचा एसी पुरवठा लागतो. काही घरांत जुन्या बेलला व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर असतो, काही घरांत बटणात थेट मेन लाइन येते. वायरमनने एमसीबी, म्हणजे विजेचा मुख्य खटका, पाडून आमचं बटण उघडलं, वायरी बघितल्या आणि म्हणाला, "ताई, ही मेन लाइन आहे. या वायरींवर तुमची बेल जोडली तर धूर निघेल." त्याने जुन्या बेलच्या जागी आत ट्रान्सफॉर्मर बसवला आणि बाहेरपर्यंत वेगळी बारीक वायर ओढली. हे काम व्हिडिओ बघून स्वतः करू नका.

जुनी बेल गेली, तेव्हा घरात वाजणार काय? ॲपवाले म्हणतात, मोबाइल वाजेल. पण आईचा मोबाइल दिवसभर कपाटावर पडलेला असतो. प्लगमध्ये लावायचा वेगळा चाइम, म्हणजे घरात वाजणारा भोंगा, घेतला, आणि मुद्दाम असा घेतला की रेकॉर्डिंगचं मेमरी कार्ड त्याच्यातच बसतं. कार्ड बाहेरच्या बेलमध्ये असेल तर बेल उपटून नेणारा पुरावाही घेऊन जाणार. क्लाउडची वर्गणी, म्हणजे रेकॉर्डिंग कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायचे पैसे, मी टाळली. अमेरिकेत 2023 मध्ये ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने व्हिडिओ डोअरबेल बनवणाऱ्या रिंग कंपनीवर आरोप ठेवला होता, की तिचे कर्मचारी ग्राहकांचे खासगी व्हिडिओ बघू शकत होते. 58 लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटलं. ते वाचल्यापासून आपलं कार्ड आपल्या घरात बरं वाटतं. ॲपचं टू-स्टेप लॉगिन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड, मात्र तरीही चालू ठेवलंय.

आता जागा. भिंतीला ड्रिल लावण्याआधी बेल दुहेरी टेपने चिकटवून दिवसा आणि रात्री बघितली, आणि हा सगळ्यात उपयोगी खटाटोप ठरला. दिवसा सगळं छान. रात्री चित्र पांढरंफटक, माणसाचा चेहरा काळा! बाजूची भिंत इतकी जवळ होती की अंधारात दिसावं म्हणून बेल सोडते तो इन्फ्रारेडचा (डोळ्यांना न दिसणारा) उजेड तिच्यावर आपटून परत लेन्समध्ये येत होता. बेल थोडी सरकवली, खाली तिरकी पट्टी लावली आणि चेहरे दिसायला लागले. उंची जमिनीपासून साधारण चार फूट. वर लावली तर टोप्या आणि टकलं दिसतात, उंबऱ्यावरचं पार्सल नाही. त्यासाठी चित्रही आडव्यापेक्षा उभं किंवा चौकोनी असलेलं चांगलं. उंचीचा हा प्रश्न जुनाच आहे. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या अमेरिकन नर्सने नवऱ्यासोबत 1966 मध्ये दारावरच्या कॅमेऱ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात उंच-बुटक्या सगळ्यांसाठी दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं होती आणि कॅमेरा वर-खाली सरकायचा. पेटंट 1969 मध्ये मिळालं.

तिरक्या पट्टीने आणखी एक काम केलं. समोरच्या काकूंनी बेल बघताच विचारलं होतं, "आमच्याकडे कोण येतं-जातं ते दिसणार का गं तुला?" प्रश्न रास्त होता. नुसतं "नाही हो" म्हणण्यापेक्षा मोबाइलवर चित्रच दाखवलं. त्यांच्या दाराची एक कड अजून दिसत होती, ती त्यांच्यासमोरच ॲपमध्ये काळी करून टाकली. जिन्याचा भागही हालचालीच्या टप्प्यातून वगळला, नाहीतर वरच्या मजल्यावर जाणाऱ्या प्रत्येकासाठी मोबाइल टणटणतो.

बोलण्यात अजून थोडा उशीर होतो. आई आतून "कोण आहे?" विचारते, बाहेरचा उत्तर देतो, पण ते पोचायच्या आत तिने पुन्हा विचारलेलं असतं. दोघं एकदमच बोलतात. शेवटी ती सरळ दार उघडते.