तांब्या नको, जग घ्या!

तारीख पक्की लक्षात आहे, कारण त्या दिवशी अख्ख्या मुंबईची लाइट गेली होती. 12 ऑक्टोबर 2020, सोमवार. माशांच्या टाक्या सांभाळणं हे माझं काम, आणि मी ठाण्यात एका दवाखान्यातली गोड्या पाण्याची टाकी घासत होतो. दहा वाजून गेले आणि पंप थांबला. येईल पाच मिनिटांत म्हणून घासत राहिलो. साडेदहाला मुलुंडच्या काकूंचा फोन.

"अरे, तुझी टाकी फुटली बहुतेक. हॉलभर पाणी झालंय."

टाकी माझी नव्हे, त्यांच्या मुलाची. चार फुटी, खाऱ्या पाण्याची, खालच्या कपाटातली छोटी टाकी, म्हणजे संप, धरून साधारण चारशे लिटर. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि टाकी काकूंच्या गळ्यात टाकून गेला. मी दर पंधरवड्याला जाऊन पाणी बदलायचो, काकू रोज दाणे टाकायच्या. पण पाणी सांडलं की टाकी माझी!

काच तडकलेली नाही हे त्यांच्याकडून तपासून घेतलं, तेव्हा काय झालं असणार ते कळलं. संपमधून पाणी वर चढवणारा पंप बंद पडला की त्याच पाइपातून टाकीचं पाणी उलटं खाली यायला लागतं. ते मध्येच तुटावं म्हणून पाण्याच्या पातळीलगत पाइपाला एक बारीक भोक पाडलेलं असतं. ते शेवाळानं बुजलं होतं. दर खेपेला काडी घालून साफ करायचं काम माझं, आणि मी ते केलेलं नव्हतं. आठ-दहा लिटर पाणी संपच्या काठावरून फरशीवर गेलं होतं.

"काकू, पाण्याकडे नंतर बघू. आधी भिंतीवरची टाकीची सगळी बटणं बंद करा. खाली एक्स्टेन्शन बोर्ड आहे, तो भिजला असेल. लाइट आली तर शॉक बसेल."

केली त्यांनी. मग मी मासे कसे आहेत ते विचारलं.

"तो पिवळा वर येऊन तोंड उघडझाप करतोय."

म्हणजे टँग. प्राणवायू कमी पडला की टाकीत आधी तोच सांगतो. लोकांना वाटतं लाइट गेल्यावर दिव्यांचं काय, पाणी गार ठेवणाऱ्या चिलरचं काय. दिवे दोन दिवस नसले तरी काही बिघडत नाही. चिलरलाही थोडा वेळ असतो, चारशे लिटर पाणी काही चहासारखं तापत नाही. वेळ नसतो तो हवेला. खाऱ्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो, पाणी कोमट झालं की आणखी कमी. तो खाणारे फक्त मासे नसतात, दगडांतले जिवाणूही असतात आणि ते लाइट गेली म्हणून श्वास रोखत नाहीत. पाण्याचा वरचा थर सतत हलता राहिला तरच हवा आत शिरते.

"काकू, भांड्यानं पाणी घ्या आणि हातभर उंचावरून परत ओता. धार पडली पाहिजे. मी निघालोच."

"ओततेय. देवघरातला तांब्या घेतलाय."

"तांब्याचा?"

"मग तांब्या कशाचा असतो?"

मी दवाखान्यात एवढ्या जोरात "तांब्या नको!" ओरडलो की डॉक्टर बाहेर आले. खाऱ्या पाण्यात तांबं म्हणजे बिनकण्याच्या जिवांना विष. माशांच्या औषधात ते मोजून घालतात, तेसुद्धा वेगळ्या टाकीत. काकूंच्या टाकीत एक कोळंबी होती, लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेली, आणि एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, ज्यात क्लाऊनफिशची जोडी लोळत असायची. कठीण प्रवाळ मी कुणाच्याच टाकीत लावत नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. पण जे होतं ते तांब्यानं मरायला पुरेसं नाजूक होतं. "फ्रिजजवळचा प्लास्टिकचा जग घ्या," म्हटलं आणि स्कूटर काढली.

सिग्नल बंद, प्रत्येक नाक्यावर गुंता. मुलुंडला पोचायला पाऊण तास गेला. लिफ्ट बंद. मास्क लावून, बॅग घेऊन नऊ मजले. दार उघडंच होतं. काकू स्टुलावर बसून जगानं पाणी उचलत होत्या आणि ओतत होत्या, कढी उतू जाऊ नये म्हणून खालीवर करावी तशा. पदर खोचलेला, कोपरापर्यंत मीठ वाळलेलं. जवळजवळ तासभर त्यांचं हेच चाललं होतं.

आणि डोक्यावर पंखा फिरत होता.

मी पंख्याकडे बघतच राहिलो. "इन्व्हर्टर आहे?"

"आहे की. पण तो फक्त पंख्या-ट्यूबचा. माशांचं बटण त्याच्यावर चालत नाही."

दोन वर्षं या घरात येत होतो. शू-रॅकमागची ती बॅटरी एकदाही डोळ्यांत भरली नव्हती, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो, माझा वेव्हमेकर, म्हणजे टाकीतलं पाणी हलतं ठेवणारा छोटा पंप, बारा. इन्व्हर्टरच्याच पॉइंटवरून कोरडी वायर ओढली, वेव्हमेकरचं तोंड वर वळवलं, पाणी उसळायला लागलं. मग पंख्याचं बटण बंद केलं. लाइट कधी येईल याचा पत्ता नव्हता, बॅटरी पुरवायची होती.

"माशांना एसी असतो, आणि मला पंखापण नाही," काकू म्हणाल्या आणि वर्तमानपत्रानं वारा घेत बसल्या. अर्ध्या तासानं टँग खाली उतरला.

पाणी अठ्ठावीसला होतं, एरवी सव्वीस. फ्रीझरमधल्या बर्फाच्या दोन बाटल्या झाकणं घट्ट लावून संपमध्ये सोडल्या आणि तिथलं पाणी मधूनमधून जगानं वर घातलं. एवढ्या पाण्यात लिटरच्या दोन बाटल्यांनी जेमतेम अर्धा अंश उतरतो, पण चढणं थोपतं. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे पाणी गाळणारा बंद डबा, उघडला तर कुजक्या अंड्यांसारखा वास. ते पाणी मोरीत गेलं. तसाच चालू केला असता तर तो घाण माल थेट टाकीत आला असता. दाणे बंद. काकूंनी विचारलं, "उपास?" म्हटलं, "हो, कडक."

संध्याकाळी लाइट आली. एकेक बटण दहा-दहा मिनिटांनी लावलं, फेसातून घाण काढणारा स्किमर सगळ्यात शेवटी, कारण बंद पडून चालू झाला की तो हमखास फेसाळून उतू जातो.

मासे सगळे राहिले. समुद्रफूल दोन दिवस मिटून होतं, मग उघडलं. कोळंबी गुरुवारी मेली.

"तांब्यानं का रे?" काकूंनी फोनवर विचारलं. दहा मिनिटंच तर तो वापरला होता, घासून लख्ख केलेला. पाणी तापल्यानं, प्राणवायू कमी पडल्यानं, कात टाकताना, कशानंही गेली असेल. "सांगता येत नाही," म्हटलं. पाणी मात्र दोनदा बदललं आणि आठवडाभर पाणी शुद्ध करणारा कार्बन, म्हणजे कोळसा, लावून ठेवला.

पाइपाचं भोक आता मोठं केलंय, आणि वेव्हमेकरचा प्लग कायमचा इन्व्हर्टरवर आहे. जग टाकीशेजारी खिळ्याला टांगलेला असतो, त्यानं घरात कुणी पाणी पीत नाही. त्या दिवसाचे पैसे मी लावले नाहीत. तरी फरशीच्या सांध्यांतला पांढरा डाग काकू मला दर खेपेला दाखवतात.