अलार्म वाजला की बंद पडला?

नागपुरात, धंतोलीत माझा इंग्रजीचा वर्ग आहे. येणाऱ्या बहुतेक मुली नर्स. कोणी सरकारी मेडिकलला, कोणी मेयो इस्पितळात, कोणी रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यात. नाइट संपवून, घरी न जाता थेट वर्गात येऊन बसतात. इंग्लंडला नोकरी करायची तर तिथली नर्सिंग कौन्सिल ओईटी किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा मागते, म्हणून ही धडपड. औषधांची, आजारांची इंग्रजी नावं त्यांना तोंडपाठ असतात. अडतं ते दोन-तीन अक्षरी शब्दांपाशी. ‘गो’ माहीत, ‘ऑफ’ माहीत, दोन्ही एकत्र आले की वर्ग गप्प.

प्रत्येक नव्या बॅचला मी एक वाक्य देते: ‘द अलार्म हॅज गॉन ऑफ’. अर्थ विचारला की बहुतेकींचं उत्तर ठरलेलं, “मॅडम, अलार्म बंद झाला.” त्यांचं चूक तरी कसं म्हणू? आपल्याकडे लाइट गेली म्हणजे बंदच झाली. स्विचवर ‘ऑफ’ म्हणजे बंद. ड्युटी चार्टवर ‘ऑफ’ म्हणजे सुटी. या सगळ्यातून एकच अर्थ निघतो, आणि वॉर्डात तोच घात करू शकतो. कारण त्या वाक्याचा अर्थ आहे, अलार्म वाजला. उठा, बघा. सिरिंज पंपाचा लाल दिवा लागलाय, ड्रिपच्या नळीत हवेचा बुडबुडा आलाय, आणि आपण ‘बंद झाला ना, बरं’ म्हणून फाइल लिहीत बसायचं? हे मला जिवावर येतं. म्हणून या एका क्रियापदावर मी अख्खा रविवार खर्च करते.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांचा मला मनापासून राग आहे. ‘गो ऑफ’ म्हणजे एक, स्फोट होणे, दोन, नासणे, तीन, बंद पडणे, चार, निघून जाणे. मुली हे पाठ करतात आणि ऐन वेळी चारातला कोणता ते आठवत बसतात. तोवर ऐकण्याच्या पेपरातलं पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं.

मी त्यांना ‘ऑफ’पासून सुरुवात करायला लावते. जुन्या इंग्रजीत ‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह’ हा एकच शब्द होता. जोर देऊन उच्चारलं जाणारं रूप पुढे ‘ऑफ’ म्हणून वेगळं झालं. मुळातला भाव ‘पासून दूर’ असा. आता बंदुकीकडे बघा. घोडा ओढेपर्यंत गोळी आत अडकलेली, मग ती दूर जाते: ‘द गन वेंट ऑफ’. जुन्या गजराच्या घड्याळात किल्ली देऊन स्प्रिंग ताणून ठेवायची, वेळ झाली की ती मोकळी व्हायची. अलार्मचं ‘गो ऑफ’ याच घरातलं. जे रोखून धरलेलं होतं ते सुटलं.

आणि ‘सुटणे’ म्हटलं की मुलींचे चेहरे खुलतात. आपल्याकडे गोळी सुटते. गाडी सुटते. चहाची सवय सुटते. दुधाला वास सुटतो. इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘गो ऑफ’ चालतं! नागपुरात मे महिन्यात दुपारी दूध ओट्यावर विसरलं की संध्याकाळी पातेल्याशी नाक नेताच कळतं, ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’. अमेरिकेत बहुतेक ‘गॉन बॅड’ म्हणतील, पण आमच्या मुलींना जायचंय इंग्लंडला. फक्त लाइटला ‘सुटणे’ लागू पडत नाही, तिथे आपलं ‘जाणे’च बरं. ओढूनताणून सगळं एकाच शब्दात कोंबायचा हट्ट मी धरत नाही.

मग नियम एकच राहतो: गेलं ते कोण, हे आधी बघा. अलार्म गेला तर वाजला, दिवा गेला तर विझला, दूध गेलं तर नासलं. एखादा कार्यक्रम ‘वेंट ऑफ वेल’ असेल तर तो नीट पार पडला. माणूस ‘गॉन ऑफ टु स्लीप’ असेल तर त्याचा डोळा लागला. आणि ‘ऑफ’च्या पुढे एखादी वस्तू आली की बहुधा मन उडालेलं असतं. ‘आय हॅव गॉन ऑफ माय फूड’ असं म्हातारे आजोबा म्हणाले तर ते जेवून कुठे निघालेले नाहीत, त्यांची अन्नावरची वासना गेली आहे. नर्सने तिथे लगेच विचारायचं, कधीपासून? वजन उतरलंय का? ओईटीच्या बोलण्याच्या परीक्षेत समोरचा माणूस पेशंट होऊन बोलतो, तेव्हा असंच एखादं साधं वाक्य पुढ्यात येऊ शकतं.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो हँडओव्हरवर, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देण्यावर. इंग्लंडमधली सिस्टर ड्युटी संपताना म्हणते, ‘आय ॲम गोइंग ऑफ ॲट एट’. म्हणजे आठला माझी सुटी. आणि त्याच दमात म्हणते, ‘बेड फोर इज गोइंग ऑफ’. म्हणजे चार नंबरचा पेशंट बिघडत चाललाय, डॉक्टरांना बोलवा. ब्रिटिश वॉर्डांतलं हे रोजचं बोलणं. पाठ्यपुस्तकात सहसा मिळत नाही. आम्ही दोघींना उभं करून हा हँडओव्हर पुन्हा पुन्हा करतो. दुसरीने ‘बेड फोर’ ऐकताच पेन खाली ठेवून बीपी, पल्स, सॅच्युरेशन विचारलं पाहिजे, असा माझा आग्रह. “ओके, सिस्टर” म्हटलं की मी थांबवते.

आणि पंपासारख्या यंत्राबद्दल कोणी ‘इट वेंट ऑफ’ म्हणालं तर? तिथे खरोखरच दोन्ही अर्थ निघू शकतात. अंदाज करायचा नाही. ‘इज इट बीपिंग?’ एवढं विचारायचं. आपल्या वॉर्डात नातेवाईक दारातूनच ओरडतात, “सिस्टर, पंप वाजून राहिला न!” त्यात संशयाला जागाच नाही. तितकं स्पष्ट इंग्रजीतही विचारता आलं पाहिजे.

ही अडचण आपल्याच मुलींची आहे असंही नाही. सॅम्युएल जॉन्सनने 1755 सालच्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत परक्यांना सर्वांत जड जाते. त्याने दिलेल्या उदाहरणांत ‘टेक ऑफ’चा अर्थ आहे नक्कल करणे. आज सोनेगावच्या विमानतळावर तेच शब्द ऐकून कोणाला नक्कल आठवेल? अशा जोडक्रियापदांचं ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी रूढ झालं. लोगन पीअरसॉल स्मिथ या लेखकाने ते 1925 साली वापरलं, तेही ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलेलं.

कोणी फारच हिरमुसली तर मी तिला आपलं ‘लागणे’ इंग्रजीत सांगायला लावते. दिवा लागला म्हणजे सुरू झाला, दार लागलं म्हणजे बंद झालं. गणेशपेठच्या स्टँडवर “चंद्रपूरची गाडी लागली का?” असं आपण विचारतो, आणि त्याच गाडीत बसून एखाद्याला गाडी लागते. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, लळा लागतो. हे सगळं यादी न करता, आईच्या कडेवर बसून शिकलेल्या मुली आहेत या. त्यांना ‘गो ऑफ’ का जमू नये?

पुढच्या रविवारी ‘कम राउंड’ घेणार आहे. बेशुद्ध पेशंट शुद्धीवर येतो तेही ‘कम राउंड’, शेजारी घरी डोकावतो तेही, आणि हट्टाला पेटलेला माणूस अखेर राजी होतो तेही. मुलींना सांगून ठेवलंय, यादी आणू नका. ऑपरेशननंतर पेशंट डोळे उघडतो तेव्हा तुम्ही त्याच्या माणसांना बाहेर येऊन मराठीत नेमकं काय सांगता, ते वहीत लिहून आणा. तिथून सुरू करू.